प्रोग्रेस : अंतराळस्थानकांचे मालवाहू यान

प्रोग्रेस हे माणसांविना उडणारे रशियन मालवाहू अंतराळयान आहे. २० जानेवारी १९७८ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि सुधारित रूपांत ते आजही उडते आहे. सॅल्यूत-६, सॅल्यूत-७, मीर आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक या चारही स्थानकांना त्याने रसद पुरवली. माणूस अंतराळात महिनोन्‌महिने राहू लागला, याचे श्रेय अंतराळवीरांच्या चिकाटीला मिळते आणि ते योग्यच आहे. पण ती चिकाटी ज्या यानाच्या भरवशावर उभी होती, त्याची दखल मात्र फार कमी घेतली गेली.

अंतराळात एका माणसाला नुसता ऑक्सिजनच दिवसाला पाऊण किलोहून अधिक लागतो. अन्न, पाणी, कपडे, सुटे भाग आणि इंधन वेगळेच. सुरुवातीच्या स्थानकांवर उड्डाणावेळी भरलेला साठा आणि अंतराळवीरांनी सोबत आणलेले थोडेफार सामान, एवढ्यावरच भागवावे लागे. साठा संपत आला की मुक्कामही संपे. सप्टेंबर १९७७मध्ये सोडलेल्या सॅल्यूत-६ला म्हणून दोन टोकांना दोन डॉकिंग बंदरे दिली गेली. एकावर अंतराळवीरांचे सोयुझ उभे असतानाच दुसऱ्यावर मालवाहू यान लागू शकत होते.

प्रोग्रेसची रचना सोयुझवरूनच घेतलेली आहे. सोयुझचे तीन भाग असतात. त्यांतल्या पुढच्या भागात प्रोग्रेसमध्ये कोरडा माल ठेवतात. तिथे हवेचा दाब असल्याने अंतराळवीर आत शिरून सामान काढू शकतात. मधला भाग सोयुझमध्ये माणसांना परत आणतो. इथे परत कोणाला यायचे नाही, म्हणून आसने, पॅराशूट आणि उष्णतारोधक कवच काढून त्या जागी इंधनाच्या टाक्या बसवल्या. या टाक्या आणि त्यांच्या नळ्या दाबयुक्त भागाच्या बाहेर असतात. गळती झालीच, तरी विषारी इंधन माणसांच्या हवेत मिसळत नाही. मागच्या भागात इंजिन आणि उपकरणे असतात. यान सुमारे सात टनांचे असून हल्ली ते अडीच टनांच्या आसपास माल नेते.

खरी नवलाई होती ती अंतराळात इंधन भरण्याची. पहिल्या प्रोग्रेसने फेब्रुवारी १९७८मध्ये सॅल्यूत-६मध्ये इंधन भरले. कक्षेत असे याआधी कधीच झाले नव्हते. वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या तळाशी बसत नाही, तेव्हा ते आपोआप वाहून जाईल ही अपेक्षाच फोल. म्हणून टाकीत द्रव आणि नायट्रोजन वायू यांच्यामध्ये लवचीक पडदा असतो आणि वायूच्या दाबाने द्रव ढकलला जातो. भरणीपूर्वी स्थानकावरचा कॉम्प्रेसर तिथल्या टाक्यांतला नायट्रोजन ओढून सिलिंडरमध्ये भरतो. टाकीतला दाब उतरला की प्रोग्रेसच्या जास्त दाबाच्या टाक्यांतून द्रव तिकडे जातो. इंधन आणि ते जाळणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही दोन्ही द्रव्ये एकमेकांना लागताच पेट घेतात, त्यामुळे ती वेगवेगळ्या नळ्यांतून भरतात. शेवटी नळ्यांतले उरलेसुरले द्रव बाहेरच्या निर्वात पोकळीत सोडून नळ्या साफ करतात. त्या वेळी सॅल्यूत-६वर असलेल्या यूरी रोमानेन्को आणि गेओर्गी ग्रेच्को यांच्या मुक्कामाने ९६ दिवस गाठले आणि अमेरिकेच्या स्कायलॅबवरचा ८४ दिवसांचा विक्रम मागे पडला.

प्रोग्रेस कझाकस्तानातील बैकानूरहून निघते. पूर्वी स्थानक गाठायला दोन दिवस लागत. जुलै २०१८मध्ये एका प्रोग्रेसने ते अंतर चार तासांच्या आत कापले. शेवटच्या टप्प्यात ‘कुर्स’ ही रेडिओ यंत्रणा अंतर, वेग आणि दिशा मोजत यानाला आपोआप जोडून देते. ती बिघडली, तर स्थानकावरचा अंतराळवीर ‘तोरू’ यंत्रणेद्वारे कॅमेऱ्यात पाहत यान हाताने चालवू शकतो.

हे काम किती नाजूक आहे, ते २५ जून १९९७ रोजी दिसले. कुर्सशिवाय, तोरूवर प्रोग्रेस एम-३४ जोडण्याची चाचणी मीरवर चालू होती. यानाचा वेग वेळेत कमी झाला नाही आणि ते स्पेक्त्र या भागावर आदळले. भोक पडून हवा निसटू लागली. वसिली त्सिब्लियेव्ह, अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोल यांनी दारातून गेलेल्या केबल तोडून स्पेक्त्र बंद केला, म्हणून स्थानक वाचले. उड्डाणातली अपयशेही आहेत: २०११ आणि २०१६मध्ये यान कक्षेपर्यंत पोहोचलेच नाही, तर २०१५मध्ये कक्षेत पोहोचूनही हाताबाहेर गेले.

संकटात मात्र या यानाने अनेकदा तारले. १९८४मध्ये राकेश शर्मा ज्या सॅल्यूत-७वर राहून आले, ते पुढे वीज गमावून गोठले. जून १९८५मध्ये व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्तोर साविनिख यांनी ते जिवंत केले आणि प्रोग्रेस-२४ने पाणी व नव्या बॅटऱ्या पोहोचवल्या. २००३मध्ये कोलंबिया हे अमेरिकी शटल नष्ट झाल्यावर अमेरिकेची शटल उड्डाणे २००५पर्यंत थांबली. त्या काळात आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या दोन-दोन अंतराळवीरांची मदार मुख्यतः प्रोग्रेसवरच होती.

जोडलेले यान नुसते गोदाम नसते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही विरळ हवेचा रोध असल्याने स्थानक हळूहळू खाली येते. प्रोग्रेसचे इंजिन चालवून त्याला वर ढकलतात. माल काढून झाला, की मोकळ्या जागेत कचरा आणि निकामी साहित्य भरतात. मग यान सुटते, वेग कमी करते आणि दक्षिण पॅसिफिकवर वातावरणात जळते. उरलेले तुकडे समुद्रात पडतात. मार्च २००१मध्ये प्रोग्रेस एम१-५ने आपल्याबरोबर अख्खे मीरच त्या समुद्रात उतरवले.

नंतर युरोपचे एटीव्ही, जपानचे एचटीव्ही, अमेरिकेची ड्रॅगन व सिग्नस ही मालवाहू यानेही आली. ड्रॅगन पॅराशूटने सुखरूप परतते, म्हणून प्रयोगांचे नमुने पृथ्वीवर आणायला तेच सोयीचे. कक्षेत इंधन भरून देण्याची प्रोग्रेसची रीत एटीव्हीने आणि २०१७पासून चीनच्या त्यानझोऊने उचलली.