बसक्या नाकाचं नवल

दसऱ्याच्या सकाळी मुळशी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरात डोकावून पाहा. पाटावर लाल कापड, त्यावर कोयता, विळा, कुऱ्हाड, असलीच तर पणजोबांची तलवार. दारात झेंडूची माळ घातलेला ट्रॅक्टर. आणि काही घरांत, या सगळ्याच्या कडेला, हळदकुंकू लावलेली एक आखूड वस्तू. मूठ ऐसपैस, नळी मात्र एवढीशी. परवान्याचं रिव्हॉल्व्हर! तलवार हातभर लांब, कोयता केवढा दणकट, तरी नजर जाऊन अडकते ती या बुटक्यावर. असं का होत असेल?

पैसा आणि दबदबा, असं उत्तर चटकन सुचतं. हिंजवडीत आयटी पार्क आलं, गुंठ्याचे भाव चढले, आणि जमिनीच्या व्यवहारांबरोबर कमरेचं हत्यारही या भागात ओळखीचं झालं. २०१८च्या ‘मुळशी पॅटर्न’ या सिनेमाने जमीन गेलेल्या घरांची परवड आणि त्यातून उगवलेली गुन्हेगारी महाराष्ट्रभर दाखवली. ती कहाणी खरी आणि दुखरी आहे. पण रिव्हॉल्व्हर हातात न धरताही, नुसतं कपाटाच्या काचेतून बघताना माणसं खुळावतात, त्याचं काय? त्या खुळाचं मूळ शोधायचं तर या वस्तूच्या पोटात शिरायला हवं. चला.

आधी त्याची जन्मकथा. १८३० साली बोस्टनहून ‘कोर्वो’ नावाचं जहाज निघालं, थेट आपल्या कलकत्त्याला. त्यावर सोळा वर्षांचा एक पोरगा खलाशी होता, सॅम्युअल कोल्ट. जहाजाचं चाक फिरतं आणि हवं तिथे अडकवून पक्कं करता येतं, हे बघून आपल्याला कल्पना सुचली, असं तो पुढे सांगायचा. त्या प्रवासात त्याने लाकूड कोरून एक नमुना केला. १८३६मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. विचार करा, ज्या वस्तूने पुढे जगभर उलथापालथ केली, तिचा पहिला लाकडी आराखडा हिंदुस्थानच्या वाटेवर कोरला गेला!

पुढे नळी आखूड होत गेली. १८७२ साली इंग्लंडच्या वेब्ली कंपनीने अडीच इंची नळीचं खिशातलं रिव्हॉल्व्हर काढलं. नाव काय दिलं? बुलडॉग! बसकं नाक, रुंद छाती, अंगात जोर. नाव किती चपखल. १९२७मध्ये कोल्ट कंपनीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आलं, दोन इंची नळीचं, साध्या वेशातल्या पोलिसाच्या कोटात दडणारं. १९५०मध्ये स्मिथ ॲण्ड वेसनने आणखी एक युक्ती केली. रिव्हॉल्व्हरचा सर्वांत जाड भाग म्हणजे गोळ्यांची चक्री. तिच्यातलं एक घर कमी केलं, सहाऐवजी पाच. चक्री बारीक झाली आणि अख्खं हत्यार सडपातळ!

आता नवलाच्या गाभ्याकडे. चाप ओढला की काय होतं? ‘गोळी सुटते’ हे झालं शेवटचं टोक. त्याआधी एका बोटाच्या एका ओढीत तीन कामं उरकतात. मागचा घोडा उचलला जातो. त्याच वेळी आतलं एक चिमुकलं बोट वर सरकून चक्रीच्या दात्याला ढकलतं आणि चक्री फिरते. सहा घरांची असेल तर बरोबर साठ अंश. घर नळीसमोर आलं रे आलं की खालून एक खुंटी वर येते, खाचेत बसते आणि चक्री जागच्या जागी थांबते. मग घोडा निसटतो. धाड!

सायकलच्या फ्रीव्हीलमधली ‘कुत्री’ आठवतात? मागे पॅडल मारलं की कट्कट् वाजणारी? चक्री ढकलणारं बोट त्यांचंच भावंड. आणि या साऱ्याला बॅटरी नको, तेलाची टाकी नको. काही स्प्रिंगा आणि तुमच्या बोटाचा जोर, बस्स.

तो जोर लागतो मात्र भरपूर. घोडा आधी न उचलता चाप ओढायचा, तर साधारण पाच किलोची ओढ लागते. पाच किलो तांदळाची पिशवी एका बोटावर उचलून बघा, म्हणजे कळेल. चुकून धक्का लागला, बोट घसरलं, एवढ्याने हा चाप सहसा हलत नाही. माणसाला ‘नक्की ना?’ असं विचारणारी ही ओढ आहे, आणि मला ती या यंत्रातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

आता काडतुसाकडे या. पितळेची पुंगळी, तोंडात शिशाची गोळी, पोटात दारू, बुडात ठिणगीची टिकली. टिकलीवर आघात झाला की दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे रेटतो. पण तो मागे का येत नाही? इथे पितळ कमाल करतं! दाबाने पुंगळी फुगते आणि घराच्या भिंतींना घट्ट चिकटून वायूची मागची वाट बुजवते. क्षणात दाब उतरला की तीच पुंगळी आकसते, म्हणून सहज बाहेरही काढता येते. दरवाजा स्वतःच कुलूप झाला आणि काम संपताच स्वतःच उघडला.

हे काडतूस कुठून येतं? मुळशीच्या डोंगरात उगम पावलेली मुळा नदी वाहत वाहत खडकीपाशी येते. त्या खडकीत १८६९ साली सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना आजही आहे. तिथल्या काडतुसाचं बूड उलटं करून पाहिलं तर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतात. इंग्रज खडकीला ‘किरकी’ म्हणत, त्या किरकी फॅक्टरीची ही खूण. इंग्रज गेले, गावाचं नाव सुधारलं, पण नखाएवढ्या पितळेवर तो जुना उच्चार टिकून राहिला!

गोळी नळीत शिरते. नळीच्या आत पिळाच्या चऱ्या कोरलेल्या असतात. त्यांत रुतत गोळी पुढे जाते आणि गरगरते. तीन इंचांच्या नळीत तिला एक पूर्ण फेरासुद्धा मिळत नाही, जेमतेम पाव फेरा! तरीही बाहेर पडल्यावर ती सेकंदाला शेकडो फेऱ्यांनी फिरत असते. कसं शक्य आहे? कारण तो तुटपुंजा फेरा ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात घेते. पापणी लवेपर्यंत अशा शंभरावर नळ्या पार होतील. आणि फिरतो म्हणून भोवरा उभा राहतो ना? गोळीही तशीच, फिरते म्हणून सरळ जाते.

आणखी एक गंमत. चक्री फिरायची, तर ती नळीला टेकून चालणार नाही. दोघींमध्ये फट हवी. केवढी? वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढी! जास्त झाली तर वायू वाया जातो, कमी झाली तर चक्री घासते. चक्री मुकाट फिरते ती या केसाएवढ्या हिशोबावर.

छोटेपणाची किंमतही मोजावी लागते. नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या खुणांत अंतर जेमतेम दहा सेंटिमीटर असेल, तर तिथली एक मिलिमीटरची चूक दहा मीटरवर दहा सेंटिमीटरची होते. नळी आखूड म्हणून सगळी दारू आत जळत नाही, तोंडाशी जाळ उमटतो. वजन हलकं म्हणून झटका थेट मनगटात. दिसायला खेळण्यासारखं, वागवायला सर्वांत अवघड.

आपल्याकडची कथा तर आणखी वेगळी. सैन्य आणि पोलीस वापरत आलेली काडतुसांची बरीच मापं सामान्य नागरिकाला निषिद्ध. मोकळ्या राहिलेल्या मापांत मुख्य ठरलं ते .३२. म्हणून परवानाधारकांच्या रिव्हॉल्व्हरची बरीचशी हौस त्या एका मापाभोवती गोळा झाली. कानपूरच्या सरकारी कारखान्यांनी वेब्लीच्या जुन्या धाटणीवर .३२चं रिव्हॉल्व्हर घडवलं. खटका दाबला की ते मधोमध वाकून उघडतं आणि चांदणीच्या आकाराचा एक तुकडा सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलतो. २०१४मध्ये हलकं ‘निर्भीक’ आलं. २०२३मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ची चक्री कुशीतून बाहेर येते. त्याची नळी ७६ मिलिमीटर, म्हणजे मधल्या बोटाएवढी. पूर्ण लांबी १७७.६ मिलिमीटर, नव्या कोऱ्या पेन्सिलीएवढी!

संग्रह करावा म्हटलं तर? १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो, आणि यायलाच हवा. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाच्या परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा गुन्हा ठरला. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात.

मग हौस भागवायची कुठे? पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथे जुनी शस्त्रं आहेत, आणि त्याहून मला मोहवणारे अडकित्तेही. मोराचे, घोड्याचे, नाना घाटांचे. दोन पात्यांना जोडणारी एक खीळ, आणि तळहातातल्या जोराने कडक सुपारी कटकन दुभंगते. मला उत्तर सापडलं ते या अडकित्त्यांपाशी. माणसाला भुरळ पडते ती मुठीत मावलेल्या यंत्राची. आपल्या बोटाचा जोर कुठून कुठे गेला हे डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, हाताला जाणवतं. अडकित्ता ते नवल सुपारीपाशी संपवतो. रिव्हॉल्व्हर मात्र एका जिवापाशी नेऊन ठेवतं. म्हणून एकावर विडा रंगतो आणि दुसऱ्याला कुलूप लागतं.

आता पुन्हा त्या दसऱ्याच्या पाटाशी या. पूजेआधी घरातलं जाणतं माणूस काय करतं? खटका दाबून रिव्हॉल्व्हर उघडतं, चक्री रिकामी आहे ना, हे उजेडाकडे धरून पाहतं. सहा गोल खिडक्या, प्रत्येकीतून अंगणातलं ऊन आरपार. कोल्टचं लाकूड, बुलडॉगचं बसकं नाक, कानपूरचं पोलाद, सगळं त्या सहा छिद्रांभोवती गोळा झालेलं असतं. खडकीचं पितळ तेवढं आत नसतं. मगच त्या घोड्यावर झेंडूचं फूल ठेवलं जातं.