लेकीशेजारी बसून बघायचे जपानी चित्रपट



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा निघाल्या. एक वहिनी म्हणाल्या, "आमची पोरगी रात्रंदिवस मोबाईलात जपानी कार्टून बघत बसतीया. दहावीचं वर्ष आहे. काय करू सांगा." लगेच आणखी दोघी म्हणाल्या, "आमच्यातबी तेच!" मी गप्प बसले होते. कारण वर्षभरापूर्वी हेच भांडण माझ्या घरात होतं. ते कसं मिटलं, आणि त्यातून मला काय काय बघायला मिळालं, ते आज सांगते.

जपानमध्ये चित्रं काढून बनवलेल्या या सिनेमांना आणि मालिकांना ॲनिमे म्हणतात. नाव नवीन वाटलं, तरी आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ॲनिमे लहानपणीच बघितलंय. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, आठवतंय? ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती. हिंदीत शेरखानला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. आता नातवंडं बघतात तो डोरेमॉनही जपानीच. १९९२ साली युगो साको या जपानी माणसानं आपल्याकडच्या राम मोहन यांना बरोबर घेऊन अख्खं रामायण चित्रांतून उभं केलं. तो चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडच्या थिएटरांत हिंदीतूनही लागला होता. घरातल्या थोरल्यांना सोबत घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करा. गोष्ट माहितीची आहे, त्यामुळे कुणी अडत नाही.

आपली चूक एकाच ठिकाणी होते. कार्टून म्हणजे लहान पोरांचं, असं आपण धरून चालतो. जपानमध्ये तसं नाही. तिथं चित्रांतून हसवणारी गोष्टही सांगतात, आणि आजारपणाची, कर्जाची, युद्धाचीही सांगतात.

आता माझ्या घरचं. मी लेकीचा मोबाईल काढून कपाटात ठेवला. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मी काय बघते ते एकदा माझ्याबरोबर बघ. नाही आवडलं तर मोबाईल तुझ्याकडंच ठेव." बसले. तिनं 'माय नेबर तोतोरो' लावला. १९८८ सालचा, हायाओ मियाझाकी यांचा, दीड तासाच्या आतला.

दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. थोरली सात्सुकी डबे करते, धाकट्या मेईला सांभाळते. भातशेती, शेजारची आजी, कापराचं थोरलं झाड आणि त्या झाडात राहणारा केसाळ, भला थोरला तोतोरो. आजीच्या मळ्यातलं मक्याचं कणीस खाल्लं की आई बरी होईल, असं मेईच्या मनानं घेतलंय. मग दवाखान्यातून निरोप येतो की आईचं घरी येणं लांबलं. इतका वेळ शहाण्यासारखी वागलेली सात्सुकी आजीपुढं रडायला लागते.

मी लेकीकडं बघितलं. तीही रडत होती. मैत्रिणींनो, त्याच्या आदल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं होतं. वीस दिवस मी घरात नव्हते. तेरा वर्षांच्या या पोरीनं भाकरी थापल्या, भावाला शाळेत सोडलं. सगळे म्हणाले, पोरगी शहाणी आहे. तुला भीती वाटली का, असं मात्र तिला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्या रात्री विचारलं. मोबाईल कपाटातून बाहेर आला आणि आमचा करार झाला: अभ्यास आधी, रात्री दहानंतर बंद, आणि आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून बघायचं.

तेव्हापासून जे बघितलं, त्यातलं निवडून सांगते.

दुसरा चित्रपट 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', १९८९ चा. हा खास गटातल्या बायकांसाठी. तेरा वर्षांची किकी झाडूवर बसून उडते, एवढीच तिची विद्या. परक्या शहरात बेकरीवाल्या बाईच्या माळ्यावर राहून ती सामान पोचवायचा धंदा सुरू करते. गिऱ्हाईक मिळेना, पावसात भिजून ताप येतो, आणि एक दिवस उडणंच जमेनासं होतं. तेव्हा तिची चित्रकार मैत्रीण तिला सांगते की आपलं चित्र जमेनासं झालं की आपणही थांबतो, हिंडतो, झोप काढतो. पापडाचा नाहीतर शिवणाचा धंदा करून दमलेल्या बाईला हे लगेच कळेल.

तिसरा 'ओन्ली यस्टरडे', १९९१ चा, इसाओ ताकाहाता यांचा. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून खेड्यात जाते ती करडईची फुलं खुडायला. आपण करडई तेलासाठी लावतो, तिकडं पाकळ्यांपासून लाल रंग करतात. दंवानं काटे मऊ असतात तोवर, पहाटेच खुडणी चालते. ताएकोला जुन्या काळच्या खुडणाऱ्या पोरी आठवतात. हात रक्ताळायचे, पण त्या लालीचं बोट त्यांच्या ओठाला कधी लागलं नाही. उसात भांगलायला जाणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. याच चित्रपटात शाळेतल्या मुलींच्या पाळीचा विषयही येतो. वयात येणाऱ्या लेकीशी बोलायला सुरुवात कशी करावी कळत नसेल, तर हा तिच्याबरोबर बघा. हळू चालतो, जरा धीर धरा.

मालिका बघायची तर छोटी घ्या. शेकडो भागांच्या मालिका असतात, त्यांत नवख्या माणसानं शिरू नये. 'बनी ड्रॉप' अकराच भागांची आहे, २०११ ची. आजोबांच्या मयताला गेलेल्या तिशीतल्या बिनलग्नाच्या माणसाला कळतं, की आजोबांना सहा वर्षांची मुलगी आहे आणि तिला घ्यायला कुणी नातेवाईक तयार नाही. तो तिला घरी आणतो. मग पाळणाघर, ताप, शाळेचं दप्तर, आणि मुलीसाठी कामाच्या जागी बदली मागणं. ही घरातल्या पुरुषांना जरूर दाखवा.

'सिल्व्हर स्पून' शेतीशाळेची गोष्ट आहे, दोन टप्प्यांत बावीस भाग. मूळ गोष्ट लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा स्वतः गाईगुरांच्या घरात वाढलेल्या. दुधाचा धंदा, कर्ज आणि कर्जापायी मोडलेलं घर, हे सगळं त्यात आहे. डुकराचं पिल्लू वाढवून त्याचं मांस करण्याचाही भाग आहे. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी आधीच जाणून घ्या.

'पोन्यो' हा २००८ चा, लहानग्यांचा आवडता. पण त्यात समुद्र चढून गाव पाण्याखाली जातं. आपण कुरुंदवाडच्या बायका २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी बघून बसलोय. पुराच्या नावानं घाबरणारं मूल घरात असेल तर त्याला एकट्याला लावून देऊ नका. जवळ घेऊन बसा, नको म्हणालं तर बंद करा. माझा मुलगा अर्ध्यावर उठला. पुढच्या रविवारी स्वतःच म्हणाला, "आता लाव."

एक इशारा. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' मोठा चित्रपट आहे, पण पहिला म्हणून मुळीच नको. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पोरकी झालेली भावंडं आहेत त्यात. बघून दोन दिवस जेवण जात नाही. काही ॲनिमे मारामारीनं आणि रक्तानं भरलेलं असतं, काही निव्वळ मोठ्यांसाठी असतं. चित्रं गोड दिसली म्हणून फसू नका. सुरुवातीला वयाची खूण येते ती बघा: यू म्हणजे सगळ्यांना, यूए ७+, १३+, १६+ म्हणजे त्या वयापुढं, आणि ए म्हणजे फक्त मोठ्यांना.

आता भाषेचं. मी सांगितलेले तोतोरो, किकी, ओन्ली यस्टरडे आणि पोन्यो नेटफ्लिक्सवर आले आहेत. आवाज जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं, असं बऱ्याच ठिकाणी असतं. त्यानं अडू नका. आमच्या गटात आम्ही सातजणी एका घरी टीव्हीसमोर बसतो, आणि माझी लेक अक्षरं वाचून मराठीत सांगते. मूकपटाच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारी माणसं असायची, त्यांना बेन्शी म्हणायचे. आमची बेन्शी दहावीत आहे. मावश्या-काकू मध्येच थांबवून विचारतात, "असं का म्हणाली गं ती?" आणि जी पोरगी चारचौघांत मान वर करत नव्हती, ती उत्तर देते.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. मोबाईल हिसकावून घ्यायच्या आधी लेकीला विचारा, "काय बघतीस? मला दाखव." तिच्या आवडीचा एक भाग तुम्ही बघा, वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. मग तुमच्या आवडीचा तोतोरो तिला बघायला सांगा. बघून झाल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ तिथंच बसा. बोलणं त्या वेळात निघतं.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.