कॉम्प्रेशन कमी म्हणजे इंजिन गेलं?

बारा-पंधरा वर्षं चाललेली पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागते, चढावर दम टाकते. गॅरेजमध्ये प्लग काढून कॉम्प्रेशन पाहिलं जातं, चारांपैकी एका सिलिंडरचा आकडा कमी येतो आणि लगेच निकाल लागतो : रिंगा-पिस्टन गेले, इंजिन खाली घ्यावं लागेल. कधी कधी हा निकाल बरोबरही असतो. पण तो गेजवरच्या त्या एका आकड्यातून निघत नाही. त्या सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली गेली नाही, एवढंच गेज सांगतं. दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाऊ शकते, नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून बाहेर जाऊ शकते, किंवा हेड गॅस्केट फुटून शेजारच्या सिलिंडरमध्ये वा पाण्याच्या वाटेत शिरू शकते. आणखी एक शक्यता सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कॅमशाफ्टचा उंचवटा झिजला तर इनटेक व्हॉल्व्ह पुरता उघडतच नाही. तिथे गळती कुठेच नसते, मुळात हवाच कमी आत आलेली असते. यातलं फक्त पहिलं दुखणं ब्लॉकचं आहे, बाकीची सगळी वरच्या भागात मिटतात. खर्चातली मोठी तफावत इथूनच सुरू होते, म्हणून हवा कुठून जाते हे कळण्याआधी इंजिन खोलायला होकार देणं मला चुकीचं वाटतं.

आधी आकड्याबद्दल बोलू. दीडशे पीएसआयच्या वर असेल तर इंजिन ठणठणीत आणि खाली असेल तर गेलं, अशी एक सरसकट रेघ पुष्कळजण मारतात. पण गेजवरचा आकडा इंजिनाच्या कॉम्प्रेशन रेशोवर, सेल्फ किती जोरात फिरतो यावर आणि बाहेरच्या हवेच्या दाबावरही ठरतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब मुंबईच्या मानाने जवळपास पंधरा टक्के कमी असतो. मुंबईत 180 दाखवणारं निरोगी इंजिन तिथे दीडशेच्या आसपास दाखवील आणि तरीही त्यात काही बिघाड नसेल. बॅटरी उतरलेली असेल, इंजिन थंड असेल किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नसेल तरी चारही आकडे खाली येतात. इंजेक्टर बंद न करता सेल्फ मारला तर पेट्रोल बोअरवरचा ऑइलचा थर धुऊन नेतं आणि चांगल्या रिंगाही कमी दाब दाखवतात. म्हणून इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, इंधन आणि स्पार्क बंद करून, प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे देऊन आकडे घ्यायचे आणि ते एकमेकांशी ताडून पाहायचे. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या निदान 75 टक्के असावा, हा ढोबळ नियम जगभर वापरला जातो. काही कंपन्यांची मॅन्युअल याहून कडक असतात, त्यामुळे आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधली मर्यादाच अखेरची मानावी.

समजा, आकडे आले 175, 172, 110, 178. तिसरा सिलिंडर आजारी आहे, यात वाद नाही. आता त्याच्या प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडायचं, दोन-तीन फेरे देऊन ते पसरू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं, व्हॉल्व्हपर्यंत त्याचा उपयोग होत नाही. आकडा 155-160 वर चढला तर संशय रिंगांवर, आणि 110 वरून जेमतेम 115 झाला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट आधी आठवावं. चारही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्टचा किंवा चेनचा दात सरकलाय का हे पाहावं. हा ऑइलचा प्रयोग डिझेलवर मात्र अजिबात करू नये. तिथे पिस्टनच्या डोक्यावर उरणारी जागा इतकी कमी असते की ऑइल दाबलं न जाता कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

ऑइलचा प्रयोग दिशा दाखवतो, नक्की जागा दाखवते लीक-डाउन चाचणी. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणायचा, गाडी गिअरमध्ये अडकवायची आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग फक्त कान द्यायचा. फुसफुस एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. आवाज कुठेच नाही आणि तरीही कॉम्प्रेशन कमी, म्हणजे आधी सांगितलेला कॅमशाफ्ट तपासायचा.

‘धूर नाही, मग कॉम्प्रेशन कसं जाईल?’ आणि ‘ऑइल खाते म्हणजे कॉम्प्रेशन गेलंच’ हे दोन्ही समज तितकेच पक्के रुजलेले आहेत. पिस्टनवर दाब धरणाऱ्या वरच्या दोन रिंगा वेगळ्या आणि बोअरवरचं ऑइल खरवडून खाली नेणारी तळाची रिंग वेगळी. तळाची रिंग कार्बनने अडकली की गाडी ऑइल खाते, पण दाब जवळपास नीट राहतो. उलट सिलिंडरमध्ये शिरलेलं ऑइल फट बुजवून आकडा वाढवूनही दाखवतं. सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन लगेच थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील बहुधा कडक झालेली असतात, आणि त्यांचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही. जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र एक थेंबही ऑइल न खाता सिलिंडर निकामी करतो.

हा व्हॉल्व्ह कसा जळतो, हे मुंबई-पुण्यातल्या जुन्या सीएनजी गाड्यांच्या मालकांनी नक्की समजून घ्यावं. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असताना सीटमार्फत हेडला देतो. पेट्रोलवर चालताना सीटवर जो पातळ संरक्षक थर राहतो तो गॅसवर मिळत नाही, त्यामुळे मऊ सीट झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. ही फट मुळातच वहीच्या दोन-तीन पानांएवढी असते. ती संपली की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, उष्णता देऊ शकत नाही आणि त्याची कड जळते. यातली फसवी गोष्ट अशी की फट कमी होताना टॅपेटचा टकटक आवाज वाढत नाही, उलट कमी होतो, आणि मालकाला वाटतं इंजिन सुधारलं. स्क्रूने टॅपेट सेट होणाऱ्या इंजिनात वेळेवर फिलर गेज लावला तर हे सगळं टळतं. फट नुकतीच संपलेली असेल तर नुसत्या टॅपेट सेटिंगनेही कॉम्प्रेशन परत येऊ शकतं.

जाणत्या मिस्त्रीला आवाजावरून कळतं, गेज कशाला, असा आक्षेप येईल. अनुभवी कानाला कोणता सिलिंडर काम करत नाही हे कळतं, हे मी मान्य करतो. स्कॅनरचा पी-0303 हा कोडही तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर तेवढं सांगतो. पण कारण कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, हे दोघेही सांगत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : हेड उतरवलंच आहे तर रिंगाही बदलून घ्याव्यात, मजुरी वाचते. बोअर खरोखर झिजलेला असेल तर हे बरोबरच आहे. पण झीज नुसत्या बोलण्यावर मानू नये, बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली मोजून घ्यावी. बोअरच्या भिंतीवर कारखान्यातल्या होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा अजून दिसत असतील तर तो बोअर फारसा झिजलेला नाही. आता मोबाइलला जोडायचे छोटे कॅमेरे मिळतात, प्लगच्या भोकातून त्या रेघा हेड न उतरवताही बघता येतात. घट्ट ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकून जळालेला व्हॉल्व्ह बरा होत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. इंजिन खोलायला परवानगी देण्याआधी चारही सिलिंडरचे ऑइल टाकण्यापूर्वीचे आकडे आणि कमी असलेल्याचा ऑइल टाकल्यानंतरचा आकडा जॉब कार्डवर लिहून मागावा.