आधी गाळा, मग साठवा!

मैत्रिणींनो, तांदूळ डब्यात भरण्याआधी आपण निवडून, पाखडून घेतो. कीड पडल्यावर पाखडून काय उपयोग? रक्तदानातून मिळालेल्या प्लेटलेट्सचंही तसंच आहे.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपी चालू असताना प्लेटलेट्स पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी आपल्या शिरोड्याची माणसं बांबोळी नाहीतर मुंबई गाठतात. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत, सतत हलवत, साधारण ५ दिवस ठेवतात. त्यांत दात्याच्या पांढऱ्या पेशी राहिल्या, तर त्यांतून ताप आणणारी द्रव्यं पाझरत राहतात. पेशंटला देताना गाळलं तर पेशी अडकतात, द्रव्यं मात्र अंगात जातातच. म्हणून आधीच गाळायचं.

दुसरा धोका मोठा. या परक्या पेशींविरुद्ध शरीर प्रतिद्रव्यं तयार करतं. मग पुढे दिलेल्या प्लेटलेट्स अंगात टिकतच नाहीत. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न गाळलेल्या प्लेटलेट्स घेणाऱ्या ४५ टक्के रुग्णांत ती आढळली. गाळलेल्या घेणाऱ्यांत २० टक्क्यांहून कमी. गरोदरपणातही अशी प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात, म्हणजे हा प्रश्न खास आपला बायकांचा!

फिल्टरचा खर्च वाढतो, त्यामुळे आपल्याकडे सरसकट गाळलं जात नाही. घरात अशी वेळ आली तर डॉक्टरांना विचारा, "प्लेटलेट्स साठवण्याआधी गाळलेल्या आहेत का?" बाळंतपणं किती झाली, तेही सांगा. आणि प्लेटलेट्स चढवताना थंडी-ताप आला तर अंगावर काढू नका. लगेच सिस्टरना हाक मारा. विचारण्यात लाज कसली?