साथ आणि चाकरी : लेखांक चौथा
तापकऱ्याची हजेरी

साथीच्या प्रसंगी सरकारने काय करावे, याचे विवेचन गेल्या आठवड्यात 1897 च्या साथरोग कायद्याच्या निमित्ताने झाले. आता मालकाच्या कर्तव्याकडे वळू आणि त्यासाठी उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचेच घेऊ. 25 मार्च 2020 पासून सारा देश टाळेबंदीत असताना सास्ती, गोवरी, पोवनी या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लि.) खाणींना विजेच्या अत्यावश्यक गरजेस्तव कोळसा काढणे भागच होते. शहरातल्या कचेऱ्यांनी आपली माणसे घरी बसवून काम चालविले खरे, परंतु डंपर घरी बसून हाकता येत नाही. आणि म्हणून मालकाच्या पूर्वतयारीची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

केंद्रीय गृहखात्याने 15 एप्रिल 2020 रोजी कामाच्या जागांसाठी जो हुकूम काढला, त्यात प्रवेशद्वारी तापमापन, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचे अंतर, जेवणाच्या सुट्या पुढेमागे, थुंकण्यास मनाई आणि कामगारांचा वैद्यकीय विमा अशा तजविजी होत्या. त्या रास्तच होत्या; पण चंद्रपूरच्या वैशाखी उन्हात दहा मैल मोटारसायकल हाकीत आलेल्या माणसाच्या कपाळावर तापमापनाचे यंत्र रोखले, तर निरोगी कपाळही तापलेले भरावे, आणि ज्याला खरोखर ताप आहे तो गोळी घेऊन आला असेल, तर थंड भरावे, ही उघड गोष्ट आहे. पहिल्याला सावलीत बसवून पुन्हा मोजता येते. दुसऱ्याने गोळी का घेतली, हे मात्र यंत्रास विचारून उपयोग नाही; ते मस्टर चाळूनच कळते. ज्या दिवशी हजेरी नाही त्या दिवशी रोज नाही, हा ज्याच्या चाकरीचा करार, तो ताप लपविणारच, आणि त्यात त्याचा दोष फार थोडा.

कायम कामगारास रजा असते, वसाहत असते, दवाखाना असतो. त्याच्याच शेजारी, त्याच माठातले पाणी पिऊन काम करणाऱ्या ठेकेदारी कामगाराचे काय? कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणी वर्षाला 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळते. परंतु खाणकायद्याखाली येणाऱ्या खाणींना या योजनेचा 1948 चा कायदा 2025 पर्यंत लागूच होत नव्हता. 1952 च्या खाणकायद्यात भरपगारी रजा होती, तीही खुल्या खाणीत वर्षाच्या 240 हजेऱ्या भरल्यावर. ठेका बदलताच ज्याची हजेरी नव्या दफ्तरात पहिल्या ओळीपासून सुरू होते, त्याला ही रजा पदरात पडणे कठीणच.

साथीत मालक पैसा सोडतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. 1896 च्या प्लेगात मुंबईचे मजूर गावी पळू लागले, तेव्हा गिरण्यांनी महिन्याकाठी मिळणारी मजुरी रोजच्या रोज चुकती केली आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली. 1917 साली अहमदाबादेत प्लेग-बोनस दिला गेला, आणि तो काढून घेताच पुढच्या वर्षीचा गांधीजींचा प्रसिद्ध संप उभा राहिला. कोल इंडियातील कामगाराचा करोनाने मृत्यू झाल्यास तो अपघात मानून पंधरा लाखांचे सानुग्रह अनुदान देण्याची घोषणाही जुलै 2020 मध्ये झाली. या तिन्ही ठिकाणी पैसा मिळतो तो धोक्यात कामावर आल्याबद्दल, किंवा त्यातच देह ठेवल्याबद्दल. आजारी पडून घरी राहिल्याबद्दल नव्हे. 29 मार्च 2020 च्या हुकमात वेतनाची हमी होती, तीही बंद पडलेल्या आस्थापनांपुरतीच, आणि मेच्या अठराव्या तारखेपासून तीही गेली.

तेव्हा साथ येण्यापूर्वी मालकाने जो आराखडा करावा, त्यात सॅनिटायझरच्या आधी आजारपणाच्या रोजाची रक्कम मांडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पंप चालविणारासारख्या माणसांना तोडीस तोड पर्यायी माणूस तयार ठेवून ते दोघे एका पाळीत कधीच घालू नयेत, कारण पावसाळ्यात पंप बंद राहिला तर खाण पाण्याने भरू लागते. पाळीतील टोळ्या शक्यतो त्याच माणसांच्या ठेवाव्यात, म्हणजे एकास लागण झाल्यास सबंध खाण नव्हे, एक टोळीच बाजूला काढावी लागेल. या जंगलपट्टीस हिवतापाचा सराव आहेच. कामावरच बोटातून रक्ताचा थेंब घेऊन झटपट चाचणीने पाऊण तासाच्या आत निदान करता येते, आणि तेवढा वेळ हजेरीत धरला, तर तपासणीस कोणी नाही म्हणत नाही.

अडचण ठेकेदाराची. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने थकविलेली मजुरी मुख्य मालकाकडून वसूल होत असे. परंतु आजारपणाचा रोज करारात लिहिलेलाच नसेल, तर ती थकलेली मजुरी ठरतच नाही. म्हणून आजारपणाच्या रोजाचे कलम निविदेच्या मजकुरातच घालावे लागते, आणि त्याचा खर्च ठेकेदाराच्या दरात उघडपणे धरावा लागतो. त्या कलमाचा मसुदा पुढील लेखांकात पाहू.