सेरेंगेटीचे रान आणि गोठ्यातला रोग

आफ्रिकेतील राष्ट्रीय उद्यान म्हटले की सिंह, हत्ती, जिराफ यांची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आणि ही भूमी सृष्टीच्या आरंभापासून जशीच्या तशी राहिली असली पाहिजे, असे आपण मनाशी धरून चालतो. टांझानियातील सेरेंगेटीविषयी तर हा समज फारच दृढ आहे. त्या समजाची थोडी छाननी आज आपण करणार आहोत. सेरेंगेटीचे आजचे रूप कसे घडले हे जाणून घ्यावयाचे, तर सिंहाच्या आधी गाईकडे पाहावे लागते.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. 'सेरेंगेटी' हे नाव मासाई भाषेतील शब्दावरून आले असून, जेथे मैदान संपतच नाही अशी जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. १९५१ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या आग्नेयेस ज्वालामुखींचे पठार आहे. त्यांपैकी ओल दोइन्यो लेंगाई, म्हणजे मासाई लोकांचा 'देवाचा डोंगर', अद्याप जागृत आहे. या ज्वालामुखींची राख हजारो वर्षे वाऱ्याबरोबर पश्चिमेला येऊन पडली. पावसाने तिच्यातील चुना विरघळून खाली गेला आणि जमिनीखाली त्याचा टणक थर बनला. झाडांची मुळे हा थर भेदू शकत नाहीत. म्हणून दक्षिणेकडील मैदानावर झाड जवळजवळ नाही. आहे ते केवळ आखूड गवत. परंतु या गवतात कॅल्शियम व फॉस्फरस भरपूर असते.

हे गवत ज्याला विशेष मानवते तो प्राणी वाइल्डबीस्ट. डोके बैलासारखे, आयाळ घोड्यासारखी आणि दाढी बोकडासारखी, असे त्याचे ध्यान आहे. फेब्रुवारीच्या सुमारास, दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत, बहुतेक माद्या याच मैदानावर वितात आणि वासरू काही मिनिटांतच उभे राहून आईमागे पळू लागते. मे-जूनमध्ये पाऊस सरला की मैदान करपते. मग कळप पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे, तेथून उत्तरेला मारा नदी ओलांडून केनियापर्यंत जातात आणि पावसाबरोबर नोव्हेंबरात परततात. झेब्रे व गॅझेल, म्हणजे आपल्या चिंकाऱ्याचे भाऊबंद, हेही या फेऱ्यात असतात.

आता मूळ विषयाकडे वळू. १९६१ साली येथे वाइल्डबीस्टांची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती. १९७७ पर्यंत ती तेरा लाखांच्या घरात गेली. सोळा वर्षांत पाचपट! कोणी नवे गवत पेरले नव्हते, सिंहही मारले नव्हते. मग हे घडले कसे?

उत्तरासाठी आणखी मागे जावे लागेल. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी एरिट्रियात परदेशी गुरे उतरविण्यात आली. ती आपल्या हिंदुस्थानातूनच गेली असावीत, असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्याबरोबर बुळकांडी आली. आफ्रिकेच्या त्या भागांतील गुरांना हा रोग नवा होता. दहा वर्षांच्या आत तो थेट दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. पुष्कळ ठिकाणी शंभरांतील नव्वद गुरे दगावली. रानरेडे आणि वाइल्डबीस्टही तसेच मेले. गाईच्या दुधावर जगणारे मासाई उघड्यावर पडले. पाठोपाठ देवी आणि दुष्काळ आले. १८९२ साली या प्रदेशातून गेलेला ऑस्ट्रियन प्रवासी ऑस्कर बाऊमान याने दोन-तृतीयांश मासाई मरण पावले असावेत, असा अंदाज केला. त्या काळाला मासाई लोक 'एमुताई', म्हणजे निःपात, असे म्हणतात. पुढे आलेल्या युरोपीय लोकांनी जी ओस भूमी पाहिली, ती बरीचशी या संहाराने ओस पडलेली होती. तिलाच त्यांनी आदिम रान समजून घेतले.

याच सुमारास इकडे हिंदुस्थानातही बुळकांडीने शेतकरी हैराण झाला होता. गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी १८८९ साली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात. १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तेथे १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने रोगाचा विषाणू बकऱ्यांच्या शरीरात पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस तयार झाली. पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींत वाढविलेल्या विषाणूची अधिक निर्धोक लस सिद्ध केली.

सेरेंगेटीभोवतालच्या गुरांना लस टोचण्यात आली, ती अर्थातच गुरांसाठी. रोगाचे मूळ ठाणे वन्य पशूंत आहे आणि तेथून तो गोठ्यात शिरतो, असा त्या काळी समज होता. प्रत्यक्षात उलटे निघाले. गाई सुरक्षित होताच रानातला रोगही आपोआप विझला. १९६३ नंतर जन्मलेल्या वाइल्डबीस्टांच्या रक्तात त्याची खूणही सापडेना. पूर्वी आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरले की वर्षभराची वासरे मरत. ती आता जगू लागली.

पुढची साखळी पाहण्यासारखी आहे. कळप वाढले, तसे गवत अधिक खाल्ले जाऊ लागले. उन्हाळ्यात पेटावयाला वाळके गवत उरेना, म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी झाल्याने बाभळीच्या जातीची रोपटी वाचून त्यांची झाडे झाली. शिकार वाढली म्हणून सिंह आणि तरस वाढले. गाईच्या मानेत टोचलेल्या सुईने रानातली झाडे वाढविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा नायनाट झालेला हा दुसराच रोग होय.

परंतु गावातून रानात रोगही जातात. १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एक-तृतीयांश सिंह डिस्टेंपर या रोगाने मेले. हा कुत्र्यांचा रोग असून बुळकांडी आणि आपल्या मुलांना होणारा गोवर यांच्याच कुळातला आहे. त्यानंतर भोवतालच्या खेड्यांतील कुत्र्यांना लसी देण्याचे काम हाती घेण्यात आले.

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे सीमेचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी विमानातून येथील प्राण्यांची गणती केली. जानेवारी १९५९ मध्ये गिधाडाची धडक बसून विमान कोसळले आणि मिखाएल मृत्युमुखी पडला. सेरेंगेटीची कीर्ती जगभर पसरली ती बरीचशी या पितापुत्रांमुळे. मात्र उद्यानात माणसे आणि गुरे नकोत, असे ग्झिमेक यांचे मत होते. आणि त्याच १९५९ साली मासाई लोकांना सेरेंगेटी सोडून शेजारच्या गोरोंगोरो भागात जावे लागले. हा वाद मिटलेला नाही. २०२२ साली पूर्वेकडील लोलिओंडो येथे नव्या संरक्षित हद्दीचे खांब रोवताना मासाई आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला.

रानाला संरक्षण नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चोरट्या शिकारीने येथील काळे गेंडे जवळजवळ संपविले होते. जे थोडे उरले, ते पहाऱ्यामुळेच. पण नकाशावरची रेघ विषाणूला अडवीत नाही, पावसामागे जाणाऱ्या कळपालाही अडवीत नाही. रेघेबाहेरच्या गोठ्यात गुरे निरोगी आहेत की नाहीत, यावर आतल्या रानाचे भवितव्य अवलंबून असते. तेव्हा त्या गोठ्याच्या धन्यालाही रानाच्या कारभारात बसावयाला जागा हवी, एवढे तरी सेरेंगेटीच्या या इतिहासावरून आपल्याला म्हणता येईल.