किल्ल्या कोणाच्या कमरेला?

बाळकुममध्ये नाट्यगृह नाही. नाक्यावरून एक रस्ता कशेळीमार्गे भिवंडीला जातो, दुसरा कापूरबावडीकडे वळतो, आणि दोन्हींच्या मध्ये जुनं गावठाण आणि नवे मनोरे एकमेकांना खेटून उभे आहेत. मराठी नाटक पाहायचं तर हिरानंदानी मेडोजमधलं घाणेकर नाट्यगृह गाठायचं, नाहीतर मासुंदा तलावाकाठचं, १९७८ साली उघडलेलं गडकरी रंगायतन. पण म्हणून बाळकुममध्ये कलेचं नेतृत्व नव्हतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. या पट्ट्यातल्या आगरी लग्नात धवलारीण आल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. कुठला धवला कधी म्हणायचा, कोणी कुठे बसायचं, हळद कधी लावायची हे ती ठरवते. तिची संस्था नोंदलेली नाही, तिच्यापाशी लेटरहेड नाही. तिचा शब्द मात्र चालतो.

हे आधी सांगायचं कारण असं की ‘वंचित कलावंतांच्या संस्थांचं नेतृत्व’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अध्यक्ष, कार्यवाह आणि शाल-श्रीफळ येतं. माझ्या मते प्रश्न वेगळाच आहे. संहिता कोण निवडतो, पैसा कोण मोजतो आणि आजचा म्होरक्या गेल्यावर उद्या कोण? सासूच्या कमरेच्या किल्ल्या सुनेकडे कधी आणि कशा गेल्या, यावरून घर ओळखता येतं. संस्थाही तशीच ओळखावी.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला, गणातली देवस्तुती बदलली आणि सावकार-भटजींचे व्यवहार रंगमंचावर आणले. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांनी बाबासाहेबांच्या चळवळीचे मुद्दे गावकुसाबाहेरच्या माणसाला कळतील अशा संवादांत आणि पदांत बांधले. या जलशाचं वैशिष्ट्य असं की लिहिणारा, गाणारा, ढोलकी वाजवणारा आणि गावोगावी मुक्कामाची सोय लावणारा, सगळे एकाच वस्तीतले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. तिथे कलावंत अस्सल होते, पण मागे कम्युनिस्ट पक्ष होता. पक्षाचा आधार असतो, तसा पक्षाचा हातही असतो. अण्णा भाऊंच्या लेखणीला त्या चौकटीतही जागा मिळाली, हे त्यांचं कर्तृत्व. पण शाहिराची संघटना आणि संघटनेचा शाहीर यांतल्या फरकाचं कोडं तेव्हापासून आपल्याला पुरतं सुटलेलं नाही.

अगदी याच प्रश्नांवर समुद्रापलीकडे अमेरिकेत कृष्णवर्णीय कलावंत दोन पिढ्या भांडत होते. आपलं त्यांच्याशी नातं काही उसनं नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांविषयी बोलत होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा नावच तिकडून आलं. कविता-कथांच्या बाबतीत या नात्याविषयी भरपूर लिहिलं गेलं. नाट्यसंस्था चालवायची कशी, या बाबतीत मात्र आपण तिकडे फारसं पाहिलं नाही, आणि हे मला नुकसानीचं वाटतं.

कारण तिथले अनुभव फार बोलके आहेत. डुबॉइस यांनी १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयाच्या तळघरात क्रिग्वा ही नाटक मंडळी उभी केली. आपल्या लोकांविषयी, आपल्या लोकांनी लिहिलेलं, आपल्या लोकांसाठी आणि आपल्याच वस्तीजवळ, असं रंगभूमीचं चौपदरी सूत्र त्यांनी मांडलं. सूत्र आजही निर्दोष वाटतं. मंडळी मात्र टिकली नाही. १९२७ मध्ये स्पर्धेत २०० डॉलरचं बक्षीस मिळालं. डुबॉइस यांनी ते निर्मितीच्या खर्चात वळतं केलं. नटांना आणि लेखिका युलेली स्पेन्स यांना काही मिळालं नाही. मंडळी फुटली. एवढा मोठा विचारवंत, पण हिशेबाची वही एकट्याने उघडली आणि एकट्याने मिटली.

१९६७ ची नीग्रो एन्सेम्बल कंपनी हे दुसरं उदाहरण. डग्लस टर्नर वॉर्ड, रॉबर्ट हुक्स आणि गोरे व्यवस्थापक जेराल्ड क्रोन यांनी फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानावर ती सुरू केली. टीकाही पहिल्या दिवसापासून झाली: नावात ‘नीग्रो’ का, थिएटर हार्लेम सोडून मॅनहॅटनच्या खालच्या भागात का, आणि पहिलंच नाटक पीटर वाइस या गोऱ्या युरोपीय लेखकाचं का? अनुदान आटल्यावर पगारी कायम नटसंच मोडावा लागला. तरीही याच कंपनीने १९८१ मध्ये चार्ल्स फुलर यांचं ‘अ सोल्जर्स प्ले’ केलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. म्हणजे परक्या पैशाने कला मरतेच असं नाही. पैसा थांबल्यावर काय उरतं हे पाहावं लागतं. बार्बरा ॲन टीअर यांनी ते ओळखलं होतं. १९६८ मध्ये त्यांनी हार्लेममध्येच नॅशनल ब्लॅक थिएटर काढलं आणि १९८३ मध्ये, आगीत जागा गेल्यानंतर, सव्वाशेव्या रस्त्यावरची इमारतच घेतली, भाड्याच्या उत्पन्नावर रंगमंच चालावा म्हणून. २००८ मध्ये त्या गेल्या. आज त्यांची मुलगी सेड लिथकॉट संस्था चालवते. नटीला घरमालकीण व्हायचं सुचलं, हे मला त्यांच्या अभिनयाइतकंच मोठं वाटतं.

आपल्याकडे लेखनाची बाजू दणकट आहे. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका गावोगावच्या हौशी मुलांनी दोन नटांनिशी रिकाम्या रंगमंचावर केली. पुढे गज्वींनी बोधी नाट्य परिषदेच्या लेखन कार्यशाळांतून नवे लेखक घडवायचं काम हाती घेतलं. संहितांचं वाचन, चर्चा, पुन्हा लेखन असं हे काम आहे. त्यात टाळ्या नसतात. २०१९ मध्ये नागपूरला ते अखिल भारतीय नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने भरले. कार्यशाळांच्या वाट्याला तेवढी शाई कधी आली नाही. दत्ता भगतांच्या ‘वाटा-पळवाटा’त तर नेतृत्व हाच विषय आहे. जुना कार्यकर्ता, शिकलेला प्राध्यापक आणि संतापलेला तरुण एकाच घरात तीन दिशांना ओढतात. हे नाटक वस्तीतल्या प्रत्येक कलापथकाच्या वार्षिक सभेत सक्तीने वाचावं, असं मी अर्धवट गमतीने म्हणतो.

नेतृत्वाची किंमत काहींना फार मोठी मोजावी लागली. शाहीर विलास घोगरे यांनी मुंबईच्या रमाबाई नगरमधल्या १९९७ च्या पोलिस गोळीबारानंतर काही दिवसांतच स्वतःला संपवलं. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर खटले झाले. शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ मध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. नंतर त्यांनी नवयान महाजलसा उभा केला. ज्या पथकाच्या पुढाऱ्याला कधीही अटक होऊ शकते, तिथे दुसरी फळी तयार ठेवणं हा जिवंत राहण्याचा प्रश्न असतो.

ठाण्यात मात्र एक प्रयोग असा झाला की त्याकडे थोडं थांबून पाहावं. रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने २०१४ च्या सुमारास ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. या संस्थेत संजय मंगला गोपाळ यांच्यासारखे कार्यकर्ते आणि वस्त्यांमधले जुने संबंध होते. मतकरींकडे १९६२ पासून बालनाट्य चालवल्याचा, बँकेची नोकरी सांभाळून पदरमोड करून प्रयोग लावल्याचा अनुभव होता. ठाण्यातल्या झोपडवस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातून छोटी नाटकं उभी करायची, जाणत्या रंगकर्मींनी फक्त मदत करायची, आणि वर्षाकाठी ‘नाट्यजल्लोष’मध्ये ती सादर व्हायची. घरातली दारू, पाण्याची रांग, शाळा सुटणं असले विषय मुलांनीच आणले.

मतकरी स्वतः वस्तीतले नव्हते. डुबॉइस यांच्या सूत्रावर घासलं तर इथे एक पदर कमी पडतो, आणि हा आक्षेप मी खोडणार नाही. पण त्यांच्याकडे स्वतःची डझनावारी यशस्वी बालनाट्यं तयार होती. ‘अलबत्या गलबत्या’ मुलांच्या हातात देऊन गर्दी खेचणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. लेखकाने आपली संहिता बाजूला ठेवणं म्हणजे निम्म्या किल्ल्या देऊन टाकणं. १७ मे २०२० रोजी ते करोनात गेले आणि तरी उपक्रम थांबला नाही, ही दुसरी खूण. उरलेली कसोटी अजून व्हायची आहे. या मंचावर पहिल्यांदा उभी राहिलेली मुलगी उद्या विषयाबरोबर अंदाजपत्रकही ठरवेल का? ज्या दिवशी ती मतकरींच्या पद्धतीला नाही म्हणेल आणि संस्था ते ऐकेल, तो दिवस मला पाहायचा आहे.

आता ज्यांना कोणी संस्था म्हणत नाही त्यांच्याकडे वळतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात एप्रिल महिना भीमगीतांचा. कल्याण पूर्वेपासून कळव्यापर्यंत जयंती मंडळं पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरतात, वर्गणी जमवतात, गायन पार्टीला सुपारी देतात. वामनदादा कर्डकांची गाणी शासनाच्या अनुदानावर नव्हे, याच वर्गणीवर जगली. प्रल्हाद शिंदेंपासून आदर्श शिंदेंपर्यंत तीन पिढ्यांना ऐकणारा पहिला श्रोताही याच मांडवातला. या मंडळांत उणिवा आहेत: अध्यक्ष बहुतेक पुरुष, फलकावर नगरसेवकाचा फोटो कलावंतापेक्षा मोठा, आणि आवाजाच्या भिंतीने गायकाला बाजूला सारलेलं. पण हिशेब चौकात द्यावा लागतो. कुठल्याही न्यासाच्या वार्षिक अहवालापेक्षा ही तपासणी कडक असते.

तमाशाचा फडही असाच. नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात आणि सुपाऱ्या ठरतात. फडमालक कलावंतांना हंगामाआधी उचल देतो, त्यासाठी स्वतः सावकाराकडून घेतो. तो मालक, दिग्दर्शक, सावकाराचा ऋणको आणि शंभरेक माणसांचा पोशिंदा असं सगळं एकाच वेळी असतो. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्यावर त्यांच्या नावाने राज्याचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. मुलगी मंगला बनसोडे यांनी आपला फड बांधला, नातू नितीनकुमार त्यात उभा राहिला. घराण्याचं नेतृत्व लोकशाही नसतं हे खरं. तरी बाईच्या हातून बाईच्या हाती आणि तिथून पुढच्या पिढीकडे वारसा जाणं, हे मराठी रंगभूमीच्या किती नोंदणीकृत संस्थांत घडलं? करोनात २०२० आणि २०२१ चे हंगाम बुडाले तेव्हा मदतीच्या याद्या कलावंतांच्या नावांनी होऊ लागल्या. फडमालकाला कलावंत धरायचं की व्यावसायिक, हा घोळ तेव्हाच पुढे आला. त्याचं कर्ज त्या याद्यांत बसत नव्हतं.